पेट्रोलच्या नोझलवर आकडे लिहा

मा. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली



पेट्रोलविषयीचं पत्र पेट्रोलियम मंत्र्यांना न लिहिता आपल्याला का लिहिते आहे, ते आधी सांगते. पंपावर मिळणारं लिटर पुरतं लिटर आहे की नाही हे ज्या वैधमापन कायद्याने तपासलं जातं, तो कायदा आपल्या खात्याचा. पेट्रोल कसं असावं याची मानकं लिहिणारी भारतीय मानक ब्यूरो ही संस्था आपल्या खात्याखाली येते. मालाची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे असं सांगणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही आपणच राबवता. आणि आज पेट्रोलात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलसाठी किती साखर वळवायची, किती तांदूळ द्यायचा, हा हिशेब अन्न खात्यात होतो. म्हणजे माझ्या प्रश्नाचे सगळे धागे आपल्याच टेबलावर येऊन मिळतात. शिवाय आपण धारवाडचे खासदार. बंगळुरूहून निपाणीकडे निघालं की तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे मागे टाकून हुबळी-धारवाड ओलांडल्याशिवाय माझं गाव येत नाही. जी. ए. कुलकर्णी ज्या धारवाडात राहून वर्षानुवर्षं मराठी कथा लिहीत होते, तिथल्या खासदारांना मराठीत पत्र लिहिताना मला परकेपणा वाटत नाही.

माझ्याकडे २०१० सालची पेट्रोलवर चालणारी एसयूव्ही आहे. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं साधं इंजिन. शहरात ती कमीच निघते, कारण बंगळुरूच्या रहदारीत एवढी मोठी गाडी घेऊन ऑफिसला जाण्यात शहाणपण नाही. पण गावी जायचं, वडीलधाऱ्यांना घेऊन जायचं, परतताना गुळाच्या ढेपा आणि तांदळाची पोती आणायची, तर हीच गाडी लागते. दर वेळी टाकी भरायला थांबलं की पंपावरचा मुलगा नोझल हातात घेऊन विचारतो, “नॉर्मला, प्रीमियमा सार?” मी बाई असले तरी सार. त्याच्या विचारण्यात काही गैर नाही. त्याला विचारायला सांगितलेलं असतं. मागे हॉर्न वाजत असतात आणि उत्तर तिथल्या तिथे द्यायचं असतं. साधं भरलं तर जुन्या इंजिनावर आपण अन्याय करतो आहोत असं वाटतं, आणि प्रीमियम भरलं तर लिटरमागे सात ते दहा रुपये नेमके कशासाठी मोजले ते कळत नाही. आमच्या सोसायटीत, गणेशोत्सवात भेटणाऱ्या मराठी मंडळींत, जुनी गाडी जपून ठेवलेल्या प्रत्येकाच्या तोंडी हाच प्रश्न आहे. या प्रश्नाचं उत्तर ग्राहकाला पंपावर उभं राहून मिळू शकत नाही, ही माझी तक्रार आहे. आणि ते मिळावं अशी व्यवस्था आपण करू शकता, म्हणून हे पत्र.

मुळात ऑक्टेन म्हणजे काय, यावरच एवढा घोळ आहे की त्यापासून सुरुवात करायला हवी. इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि मग ठिणगीने पेटवलं जातं. ठिणगीपासून निघालेली ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं, तर इंजिन टकटक वाजतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. असं अवेळी भडकायला पेट्रोल किती विरोध करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. पेट्रोलात ऊर्जा किती आहे, त्याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. ९५ म्हणजे ९१ पेक्षा जास्त ताकद, हा समज साफ चुकीचा आहे. ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलं जातं, म्हणजे ज्याचं कॉम्प्रेशन चढं आहे किंवा ज्याला टर्बो आहे, त्याला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं आणि त्याचा फायदाही होतो. माझ्या गाडीच्या टाकीच्या झाकणामागे ९१ लिहिलं आहे. ९१ वर जे इंजिन न वाजता चालतं, त्याला ९५ देऊन ना ताकद वाढते ना मायलेज.

यात एक अट आहे, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत ती महत्त्वाची. वर्षं सरतात तसा इंजिनात कार्बन साचतो, आतली जागा किंचित कमी होते, काही ठिकाणं तापून राहतात, आणि जे इंजिन पूर्वी ९१ वर शांत चालायचं ते चढावर वाजू लागतं. नॉक सेन्सर असेल तर इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. आवाज थांबतो, पण ओढ कमी होते. अशा इंजिनाला जास्त ऑक्टेनचा खरोखर उपयोग होतो. तेव्हा माझं इंजिन वाजतं का, हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर पंपावर नव्हे तर चढावर मिळतं. मे महिन्यात, एसी लावून, माणसं आणि सामान भरून चोर्ला घाट चढताना मी कान देऊन ऐकते. वाजत नाही.

आणि बंगळुरूत तर ते वाजण्याची शक्यता आणखी कमी. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. इथल्या हवेचा दाब मुंबईच्या मानाने साधारण दहा टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा आत ओढतं तेवढीच दाबतं. हवाच विरळ असली की सिलिंडरमधला दाब कमी भरतो आणि नॉकिंगची भीतीही कमी होते. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत याच कारणाने नेहमीच्या पेट्रोलचा आकडा इतर राज्यांपेक्षा कमी असतो. तिथे ८५, बाकी ठिकाणी ८७. (तिकडची मोजण्याची रीत वेगळी असल्याने त्यांचं ८७ म्हणजे आपल्याकडचं ९१ च्या आसपास. न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने सांगितलेला आकडा ऐकून इथे कुणी निष्कर्ष काढू नये.) त्यात इथली हवा थंड. म्हणजे देशातल्या ज्या मोठ्या शहरांत जुन्या साध्या इंजिनाला जादा ऑक्टेनची गरज सर्वांत कमी असावी, त्यांत बंगळुरूचा क्रम फार वरचा लागेल. आणि याच शहरात हिंदुस्तान पेट्रोलियमने २०१७ मध्ये ९९ ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. ज्यांच्याकडे महागड्या, टर्बो बसवलेल्या गाड्या आहेत त्यांनी ते जरूर घ्यावं. इथे अशा गाड्या पुष्कळ आहेत. पण नोझल हातात घेतलेला मुलगा गाडी पाहून प्रश्न बदलत नाही.

इथवरचं सगळं जुनं शास्त्र झालं. कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला ते तोंडपाठ असतं. खरी गुंतागुंत गेल्या दोन-तीन वर्षांतली आहे.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी याच बंगळुरूत, इंडिया एनर्जी वीकमध्ये, पंतप्रधानांनी वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं उद्घाटन केलं. सुरुवातीला ११ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतले ८४ पंप होते. २०२५ पर्यंत देशभर तेच साधं पेट्रोल झालं. यावर लोकांनी शंका काढल्या, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सविस्तर निवेदन काढलं. त्यातलं एक वाक्य आपण नजरेखालून घालावं अशी माझी विनंती आहे. त्याचा आशय असा की पूर्वी देशात साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ८८ होतं, बीएस-६ या उत्सर्जन मानकांसाठी ते ९१ झालं आणि आता वीस टक्के इथेनॉलमुळे ते ९५ पर्यंत गेलं आहे.

साहेब, साधं पेट्रोल जर ९५ असेल, तर ज्या प्रीमियम पेट्रोलच्या नावातच ९५ आहे, त्यासाठी जादा पैसे मी ऑक्टेनकरिता देत नाही. मग कशाकरिता देते? इंजिन साफ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हसाठी, असं उत्तर येऊ शकतं, आणि ते प्रामाणिक उत्तर असू शकतं. चांगल्या ॲडिटिव्हने इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची घाण कमी होते. जुन्या गाडीला हा फायदा ऑक्टेनपेक्षा मोलाचा आहे. पण मग ॲडिटिव्ह किती, कोणतं, साध्या पेट्रोलात ते मुळीच नसतं का थोडं असतं, हे कुठे लिहिलेलं आहे? पंपावर नाही. पावतीवरही नाही. आणि जर साधं पेट्रोल प्रत्येक ठिकाणी ९५ नसेल, तर तेही कळायला हवं.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या गाडीच्या मालकापुढचा प्रश्न वरवर पाहता साधं की प्रीमियम असा आहे, म्हणजे ऑक्टेनचा आहे. प्रत्यक्षात तो इथेनॉलचा आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर, म्हणून मिश्रणाचा आकडा वाढतो. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जवळपास दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नवं इंजिन वाढलेल्या ऑक्टेनप्रमाणे जुळवून बांधता येतं, कॉम्प्रेशन वाढवता येतं, म्हणजे गमावलेली ऊर्जा काही अंशी भरून निघते. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन २०१० साली कारखान्यात ठरलं. वाढीव ऑक्टेन त्याला वापरता येत नाही, आणि कमी झालेली ऊर्जा मात्र सोसावीच लागते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये जो इथेनॉलचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हे स्पष्ट मांडलं होतं: इथेनॉलविना पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज वीस टक्क्यांवर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, आणि दहा टक्क्यांसाठी आखून वीससाठी जुळवलेल्यांचं एक ते दोन टक्क्यांनी. त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल संरक्षक पर्याय म्हणून सुरू ठेवावं, असंही सुचवलं होतं. तो पर्याय आज पंपावर दिसत नाही.

आता हिशेब पाहा. बंगळुरूत राज्य सरकारने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला आणि साधं पेट्रोल पुन्हा शंभरीपार गेलं. लिटरला १०३ रुपये धरू. माझ्यासारखी गाडी पूर्वी लिटरला ९ किलोमीटर जात असेल, तर किलोमीटरला साडेअकरा रुपये पडायचे. मायलेज साडेसहा टक्के घटलं की तोच खर्च सव्वाबारा रुपयांवर जातो. त्यात ११२ रुपयांचं प्रीमियम घातलं, आणि त्यातही तेवढंच इथेनॉल असलं, तर तेरा रुपये तीस पैसे. म्हणजे इथेनॉलचा तोटा आहे तसाच राहिला, वर आणखी रुपया गेला. मग माणूस १०० ऑक्टेनच्या पेट्रोलकडे वळतो. त्यात इथेनॉल नसतं असं सगळे सांगतात, भाव लिटरला १६० धरू. जुनं मायलेज परत मिळालं तरी किलोमीटरला पावणेअठरा रुपये. म्हणजे ज्याला फक्त इथेनॉल नको आहे त्याला ते टाळण्यासाठी शंभर ऑक्टेन विकत घ्यावं लागतं, आणि त्या ऑक्टेनचा त्याच्या इंजिनाला काडीचा उपयोग नाही. महिन्याला आठशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला सव्वाबारा आणि पावणेअठरा यांतला फरक चार हजारांच्या वर जातो. तेवढ्यात इंधनाची नळी, ओ-रिंग, फिल्टर असं बरंच काही बदलून होतं. बंगळुरूत जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकानं आहेतच.

म्हणून मला विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे. जुनी, टर्बो नसलेली, न वाजणारी गाडी असेल तर साधं पेट्रोल भरावं, वाचलेल्या पैशातून रबरी भाग आणि फिल्टर वेळच्या वेळी तपासून घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळ्यात त्याचा त्रास होतो. वाजणारी गाडी आधी मेकॅनिककडे न्यावी, मग प्रीमियमचा विचार करावा. डिझेल गाड्यांना यातलं काहीच लागू नाही. पण हे उत्तर काढायला मला मंत्रालयाची निवेदनं, नीती आयोगाचा आराखडा आणि गाडीची पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून बसावं लागलं. गाडी घेऊन पंपावर येणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. आणि एवढं करूनही एक गोष्ट मला कळली नाही: समोरच्या प्रीमियम नोझलमधून येणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल किती टक्के? वेगवेगळ्या पंपांवर विचारलं. कुणी म्हणालं वीस, कुणी दहा, कुणी अजिबात नाही, आणि एका मॅनेजरने सरळ सांगितलं की टँकरबरोबर येणाऱ्या कागदात जे असेल ते, आम्हाला वेगळं कळवत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

आपला २०१९ चा कायदा म्हणतो की मालाची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पेट्रोलच्या बाबतीत प्रमाण आणि किंमत या दोन गोष्टी आपण फार नीट सांभाळल्या आहेत. मीटरवर वैधमापनाचं सील असतं. मागितलं तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवावं लागतं. शुद्धतेसाठी फिल्टर पेपर मागता येतो. दररोजची घनता फळ्यावर लिहिलेली असते. ती ७२० ते ७७५ च्या दरम्यान असावी लागते, आणि तिचं काय करायचं हे हजारांत एखाद्या ग्राहकाला माहीत असेल, तरीही ती लिहितात, आणि लिहावीच. मग ऑक्टेन आणि इथेनॉल हे दोन आकडे का नाहीत? काही पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, अशी पाटी दिसते. पुष्कळ ठिकाणी तीही नसते. ऑक्टेन तर कंपनीने ब्रँडच्या नावात घातलं असेल तेवढंच कळतं. साध्या पेट्रोलच्या नोझलवर कोराच पत्रा. कायद्यातल्या गुणवत्ता, क्षमता आणि दर्जा या शब्दांना पेट्रोलपुरता याहून दुसरा कोणता अर्थ असणार?

यातली विसंगती आपल्याला जाणवेल. मार्च २०२१ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून सांगितलं की गाडी दहा टक्के इथेनॉलला योग्य आहे की वीस, हे उत्पादकाने ठरवावं आणि गाडीवर सहज दिसेल असा स्टिकर लावावा. म्हणजे गाडीने आपली ओळख सांगायची, आणि पेट्रोलने मात्र सांगायची नाही. स्टिकर वाचून मी जुळवू कशाशी?

या बाबतीत जग आपल्या पुढे आहे, आणि त्यासाठी फार खर्चही झालेला नाही. युरोपात १२ ऑक्टोबर २०१८ पासून पंपाच्या नोझलवर आणि नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर एकच चिन्ह असतं, गोलात ई-५ किंवा ई-१०. ज्याला भाषा येत नाही तोही चिन्हाला चिन्ह जुळवतो. अमेरिकेत पिवळ्या चौकोनात काळ्या अक्षरांत ऑक्टेनचा आकडा लावणं सक्तीचं आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलातलं इथेनॉल दहा टक्क्यांवर नेलं, तेव्हा ज्या जुन्या गाड्यांना ते चालणार नव्हतं त्यांच्यासाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल सुपर दर्जात राखून ठेवलं आणि लोकांना तसं जाहीर सांगितलं. ते महाग आहे, पण आपण काय विकत घेतो आहोत हे घेणाऱ्याला माहीत असतं. ब्राझीलचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं, तिथे तीस टक्के मिसळतात म्हणून. ते खरं आहे. पण तिथे २००३ पासून कोणत्याही प्रमाणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या विकल्या जाताहेत, आणि पंपावर पेट्रोल घ्यायचं की नुसतं इथेनॉल, हे गाडीवाला दोन्ही भाव पाहून ठरवतो.

मी इथेनॉलच्या विरोधात आहे असा समज कृपया करून घेऊ नका. माझं माहेर निपाणीजवळ उसाच्या पट्ट्यात आहे. कारखान्याचं बिल उशिरा आलं की घरात काय होतं, कुणाची फी थकते, कुणाचं लग्न पुढे ढकललं जातं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात वेळेवर पैसा येऊ लागला, हे मला मान्य आहे आणि त्याचा आनंद आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर प्रमाणाची माहिती मागणारी जनहित याचिका फेटाळली, तेव्हा सरकारच्या वतीने ऊस उत्पादकांचं हित पुढे मांडण्यात आलं होतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूरला शेतकरी टनाला ३,५०० रुपयांसाठी रस्त्यावर बसले होते. शेवटी ३,३०० वर तोड निघाली. कर्नाटकातल्या कारखान्यांना इथेनॉलचा वाटा किती मिळाला, यावरून तेव्हा राज्य सरकार आणि आपण यांच्यात जाहीर मतभेदही झाले. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकदम निर्बंध आले होते, तेही शेतकरी विसरलेला नाही. आज इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा उसाच्या पुढे गेला आहे. सांगायचं एवढंच की शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न त्याच्या जागी सोडवायला हवा. नोझलवर टक्केवारी लिहिल्याने उसाचं एक कांडंही कमी विकलं जाणार नाही. उलट माझ्यासारखीला आपल्या गाडीत आपल्याच शिवारातलं किती जातं हे वाचून बरंच वाटेल.

न्यायालयाने याचिका फेटाळली, तो विषय तिथे संपला. पण माहिती देण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. ते आपल्या खात्याला आपल्या अधिकारात करता येईल. मानक ब्यूरोची पेट्रोलसाठी आयएस २७९६ आणि ई-२० साठी आयएस १७०२१ ही मानकं आहेतच. त्यांत जे किमान ऑक्टेन आणि जेवढं इथेनॉल लिहिलं आहे, तेच दोन आकडे प्रत्येक नोझलवर, साध्या आणि प्रीमियम दोन्हींवर, हाताएवढ्या जागेत छापायचे. प्रीमियमच्या पाटीवर आणखी एक ओळ हवी: साध्या पेट्रोलापेक्षा यात वेगळं काय. ऑक्टेन वेगळं असेल तर तसं लिहावं, ॲडिटिव्ह असेल तर तसं. जास्त मायलेज, जास्त पिकअप असं कुठे लिहिलं असेल, तर कोणत्या इंजिनावर, कोणत्या चाचणीत, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपन्यांना विचारावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०२२ मध्ये त्याच प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. भाषा कन्नड असावी, हे राज्य कन्नड आहे. निपाणी-बेळगावकडे मराठीही असावी. आकडे तर सगळ्यांना सारखेच.

दुसरी विनंती आहे ती जुन्या गाड्यांच्या मालकांच्या वतीने. पंधरा वर्षं झाली म्हणून मी नुकतीच गाडीची नोंदणी नव्याने करून घेतली. एप्रिल २०२२ पासून कारसाठी केंद्राने हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केलं आहे. ते भरलं, हरित कर भरला, तंदुरुस्तीची तपासणी झाली, आणि सरकारने मला आणखी पाच वर्षं ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी दिली. दिल्लीसारखी इथे जुन्या गाड्यांवर बंदी नाही. त्याच सरकारच्या म्हणण्यानुसार गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉलला योग्य बनू लागले ते एप्रिल २०२३ पासून. म्हणजे माझ्या गाडीला परवानगी आहे, पण तिच्यासाठी आखलेलं पेट्रोल नाही. ऑगस्ट २०२५ च्या निवेदनांत असं म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते स्वस्तात होतं. मी ते बदलायला तयार आहे. पण कोणत्या गाड्यांत, कोणते भाग? पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने, इंडियन ऑइलने आणि वाहन उत्पादकांच्या संघटनेने मिळून ज्या चाचण्या केल्या, त्यांचे तपशील मॉडेलनुसार, सालानुसार, सामान्य माणसाला वाचता येतील अशा रीतीने का प्रसिद्ध होऊ नयेत? ब्रिटनमध्ये कोणती गाडी कोणत्या पेट्रोलला योग्य ते सरकारी संकेतस्थळावर कळतं. आपल्याकडे ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत प्रत्येक गाडीची कुंडली आधीच नोंदलेली आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या कागदावरच ती माहिती छापून देता येईल. पाच हजार रुपये घेताना एवढी ओळ द्यावी, ही मागणी मोठी नाही.

आणि किमतीचाही विचार व्हावा. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात म्हटलं होतं की इथेनॉलमुळे ऊर्जा कमी होते त्याची भरपाई म्हणून अशा पेट्रोलची किंमत कमी असावी आणि करात सवलत द्यावी. तसं झालेलं नाही. किंमत आपल्या खात्याच्या हाती नाही, हे मला माहीत आहे. पण लिटरमागे किती ऊर्जा मिळते हे आज ग्राहकाला दिसतच नाही, आणि टक्केवारी नोझलवर आली की ती चर्चा आपोआप होईल.

माझी नोंदणी २०३० पर्यंत आहे आणि गाडी तोवर चालेल असं माझा मेकॅनिक म्हणतो. तोवर मी साधंच भरणार आहे. पुढच्या वेळी आपण हुबळीला आलात की कुठल्याही एका पंपावर थांबून साधं आणि प्रीमियम या दोन्ही नोझलमध्ये ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती, एवढं विचारून पाहावं. मिळालेलं उत्तर आपल्याला पुरेसं वाटलं, तर तसं जाहीर कळवावं. पुरेसं वाटलं नाही, तर मानक ब्यूरोला या दोन आकड्यांचा मसुदा करायला सांगावं आणि त्यावर आमच्याकडून हरकती-सूचना मागवाव्यात. माझ्या सूचना तयार आहेत.

कळावे,

आपली,
एक वाहनमालक ग्राहक
बंगळुरू